एक जूनचे नाना

डी.एड. संपवून मी धुळ्याहून नोकरीवर गेलो ते एका लहान गावात. पहूरच्या पुढे एका फाट्यावर एसटी सोडायची, आत तीन मैल चालायचं, मग कपाशीच्या शेतांपलीकडे शाळेची कौलं दिसायची. पहिल्या दिवशी हातात नेमणुकीचा आदेश घेऊन घामाघूम होऊन मी मुख्याध्यापकांसमोर उभा राहिलो. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, टोपी, आणि एका बाजूची काडी दोऱ्याने बांधलेला चष्मा. त्यांनी आदेश वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि एकच विचारलं, "जन्मतारीख?"

"एक जून," मी म्हणालो.

"मंग काय! घरनाच शे," घरचाच आहेस, असं म्हणून ते खदखदून हसले आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला.

हे सुकदेव गुरुजी. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. ते मूळचे धुळ्याकडचे, पण तीस वर्षं याच गावात राहिलेले. साहेब आले की पुस्तकी मराठी बोलायचे, आणि राग आला, आनंद झाला किंवा लाज वाटली की तिकडची अहिराणी बाहेर यायची. नाना कुठल्या भाषेत बोलताहेत यावरून आत काय चाललंय ते आम्हा मास्तरांना कळायचं.

नानांची आठवण निघाली की मला आधी हसू येतं आणि मग मान खाली जाते. हे दोन्ही एकाच माणसामुळे कसं होतं ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

जून महिन्यात शाळा उघडली की नाना कडुनिंबाखाली पत्र्याचं टेबल मांडून बसत. पुढ्यात शाळेचं जनरल रजिस्टर, निळी शाई, टीपकागद. समोर आया आणि पोरं. कुणाकडेही जन्माचा दाखला नसे. ग्रामपंचायतीत नोंद करायला जायचं म्हणजे एक रोज बुडणार, आणि एवढं करून त्या कागदाचा उपयोग काय ते कुणाला माहीत नव्हतं.

"कोन्त्या सालचं पोरगं?" नाना विचारत.

"मोठा पूर आला व्हता ना गुरुजी, त्याच्या मागच्या साली."

"महिना?"

"आमाले काय मालूम? कापूस वेचनी चालू व्हती."

मग नाना पोराला पुढे बोलावत. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. बोटं कानाला पोचली की पोरगं सहा वर्षांचं झालं, नाही पोचली तर पुढच्या वर्षी या. एखादी आई मागून पोराचा कोपर हळूच ढकलत असे. नानांना ते दिसायचं, पण ते तेवढ्यात चष्मा पुसायला घ्यायचे. पोचला हात की सहा वर्षं मागे मोजायचे आणि टाक शाईत बुडवून लिहायचे, एक जून.

मी नवा होतो, शिकलेलं ताजं होतं. एकदा न राहवून म्हटलं, "नाना, निदान कापूस वेचणीचा महिना तरी लिहू. ऑक्टोबर, नोव्हेंबर असं काही."

"लिखाले काय जास?" नाना म्हणाले. लिहायला काय जातं, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पण ते दोन्ही बाजूंनी वापरायचे. लिहायला काय जातं, म्हणून ऑक्टोबरही लिहिता येईल. पण मग पोरगं पुढे नोकरीच्या वयात चार महिन्यांनी अडकेल, शिष्यवृत्तीला दोन महिन्यांनी हुकेल. एक जून लिहिलं की शाळा सुरू होताना वय पुरं भरतं आणि पुढे कुणी हरकत घेत नाही. "पोरंचं भलं व्हवाले पाहिजे. तारीखनं काय शे?"

भलं होत होतं हे खरं. त्या तारखेवर कुणी पोलिसात लागलं, कुणी एसटीत कंडक्टर झालं, एक जण फौजेत गेला. जिल्ह्यातल्या निम्म्या मास्तरांची तारीखही तीच. एकतीस मे उजाडला की तालुक्यात एकाच दिवशी इतके निरोप समारंभ व्हायचे की हार मिळायचे नाहीत.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि दोन सख्ख्या भावांवर बोट ठेवलं. दोघांची तारीख एक, सालही एकच. झालं होतं असं, की थोरला गुरांमागे जायचा म्हणून दोन वर्षं उशिरा शाळेत आला, आणि धाकट्यासोबत एकाच दिवशी नाव घातलं गेलं. साहेबांनी दोघांना उभं केलं. थोरला धाकट्यापेक्षा वीतभर उंच.

"हे काय गुरुजी?"

"जुळे आहेत साहेब," नाना शांतपणे म्हणाले. "धाकटा जेवायला जरा आळशी आहे."

साहेब हसले, वर्ग हसला, धाकटाही हसला. पुढे ते दोघे गावात जुळेच झाले. त्यांच्या लग्नाच्या पत्रिकेवर 'जुळे बंधू' असं छापलं तेव्हा नानांना पहिल्या पंगतीत बसवलं होतं.

दर एक जूनला शाळेला सुटी असायची. पण नाना त्या सकाळी खिशात गुळाचे खडे घेऊन गावातून फेरी मारत. दिसेल त्या पोराच्या हातावर गूळ ठेवत, "वाढदिवस शे ना तुन्हा?" पोरं म्हणत, "तुमचाबी शे नाना." मग पोरं त्यांच्याच खिशातला खडा काढून त्यांच्या तोंडात घालत. नानांची स्वतःची तारीखही एक जूनच होती. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गुरुजींनी लिहिलेली. खरी कोणती ते सांगायला त्यांची आई फार दिवस जगली नाही. त्यांना त्याचं काही वाटत असेल असं कधी दिसलं नाही.

त्र्याण्णवच्या जूनमध्ये टेबलासमोर हासानंद आला.

हासानंदचं गावात कटपीसचं छोटं दुकान होतं. तो सिंधी. त्याचे काका-मामा फाळणीतच इकडे येऊन जळगावात स्थिरावले होते. हासानंद मात्र तिकडेच वाढला, आणि लग्नानंतर, पंच्याऐंशी साली, बायकोला घेऊन व्हिसावर इथे आला आणि राहिला. नागरिकत्वासाठी अर्ज केला होता, तो कुठल्या तरी मोठ्या कार्यालयात पडून होता. तोवर दर वर्षी जळगावला पोलिसांच्या कचेरीत जाऊन मुक्कामाची मुदत वाढवून घ्यायची, आणि जिल्ह्याबाहेर लग्नाला जायचं तरी परवानगी काढायची. गावाला यातलं फारसं काही माहीत नव्हतं. गावाच्या दृष्टीने तो उधारीवर कापड देणारा आणि हिशेब न विसरणारा हासाशेठ होता.

त्याच्यासोबत त्याची मुलगी कांचन होती. दोन वेण्या, नवा फ्रॉक. हात कानाला लगेच पोचला.

नानांनी टाक बुडवला. "एक जून..."

"नही गुरुजी," हासानंद म्हणाला. "माझी पोरगी नऊ जुलैले झाली. सकाळी सव्वासातले. इथंच, दुकानाच्या मागच्या खोलीत."

"हासाशेठ, बठ्ठ्यांचं एक जूनच राहतं." सगळ्यांचं.

"बठ्ठ्यांचं राहू द्या. आम्हाले तारखा पाठ राहतेत गुरुजी. एक दिवस इकडे-तिकडे झाला तर पोलीस बोलावतेत. मी कोन्त्या दिवशी आलो, कोन्त्या दिवशी मुदत संपते, बठ्ठं सांगतो. पोरीचा जन्म तेवढा खोटा कसाले सांगू?"

मी शेजारी बसलो होतो. मला वाटलं, नाना आता चिडतील. पण नाना त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. तीस वर्षांत त्यांच्यासमोर येऊन तास-मिनिटासह तारीख सांगणारा हा पहिला बाप होता. त्यांनी टाक टीपकागदावर पुसला, पुन्हा बुडवला, आणि इतर नोंदींपेक्षा जरा सुबक अक्षरात लिहिलं, नऊ जुलै, आणि पुढे साल सत्त्याऐंशी.

आणि मग नानांना त्या नोंदीचा अभिमानच चढला. तपासणी अधिकारी आला की स्वतः पान उघडून दाखवायचे, "ही बघा साहेब, अस्सल." नऊ जुलैला शाळा भरलेली असायची. त्यामुळे सगळ्या शाळेत जिचा वाढदिवस शाळेच्या दिवशी येतो अशी ती एकटीच. नाना त्या दिवशी प्रार्थनेनंतर कांचनला पुढे बोलावत, तिच्या हातात गुळाची पिशवी देत, आणि ती सगळ्या शाळेला गूळ वाटत असे. नऊ जुलै म्हणजे कांचन, हे पहिलीतल्या पोरालाही पाठ झालं होतं.

कांचन हुशार निघाली. घरात सिंधी, शाळेत मराठी, आणि गल्लीत अस्सल गावची बोली. नानांच्या तोंडून उचललेली अहिराणीसुद्धा ती ठसक्यात बोलायची, "लिखाले काय जास?" म्हणून नानांची नक्कल करायची आणि नाना कौतुकाने तिचा कान ओढायचे. चौथीत तिने धुळ्याकडच्या एका सरकारी निवासी शाळेची परीक्षा दिली आणि तालुक्यातून तिचा नंबर लागला. तिथे राहणं, जेवण, पुस्तकं सगळं सरकारचं, बारावीपर्यंत. नानांनी ही बातमी स्वतः हासानंदच्या दुकानात जाऊन सांगितली. हासानंद गल्ल्यावरून उठून त्यांच्या पाया पडला.

मग प्रवेशाची कागदपत्रं आली. त्यात एक अट होती, विद्यार्थी भारताचा नागरिक असल्याचा पुरावा.

बाकीच्या पोरांना ती अट दिसलीसुद्धा नसती. त्यांच्यासाठी शाळेचा दाखला पुरत होता. कांचनचं मात्र नाव बापाच्या मुदतीच्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि त्या कागदावर दुसऱ्या देशाचं नाव होतं. ज्या देशाचं दार तिने कधी पाहिलं नव्हतं, तो कागदोपत्री तिचा देश होता. ते सोडवण्यासाठी हासानंद जळगावला गेला, तेव्हा तिथल्या एका वकिलाने त्याला कायदा समजावून सांगितला. मला तो नंतर हासानंदने सांगितला, दुकानातल्या एका कागदाच्या पुड्यावर पेन्सिलीने दोन रेघा मारून.

एक जुलै सत्त्याऐंशीच्या आधी या मातीत जन्मलेलं मूल इथलं. आई-बाप कुठलेही असोत, जन्म पुरेसा. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्यांना मात्र आई किंवा बाप, दोघांतला एक तरी भारताचा नागरिक असावा लागतो. कायदा बदलला होता तो नेमका त्या दिवसापासून.

कांचन नऊ जुलैची. नऊ दिवसांनी चुकली होती.

हासानंद पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, एक जून लिहू दिलं असतं तर." त्याने वाक्य पुरं केलं नाही. शाळेतल्या बाकी सगळ्या पोरांची तारीख खोटी होती आणि त्यांतल्या एकालाही कधी कुणी विचारलं नव्हतं. मलाही कधी विचारलं नव्हतं. मी मुंबईला, नाशिकला, कुठेही जाऊन आलो होतो, खोट्या तारखेवर सरकारी पगार घेत होतो. त्या दुकानात मला पहिल्यांदा स्वतःच्या निश्चिंतीची लाज वाटली.

पण सगळं संपलं नव्हतं. जन्म घरी झाला होता. ग्रामपंचायतीत नोंद नव्हती, कारण आधीच पोलीस कचेरीचे खेटे, त्यात आणखी एक कचेरी नको म्हणून हासानंद तिकडे गेलाच नव्हता. म्हणजे नऊ जुलै फक्त एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, नानांच्या रजिस्टरात. आणि नानांचं रजिस्टर कसं आहे ते सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं.

गाव एका संध्याकाळी पारावर जमलं. जिने कांचनच्या आईचं बाळंतपण केलं ती अक्का म्हणाली, "पोरगी वटपौर्णिमेच्या आदल्या दिशी झाली. माहे हात होते, मले म्हाईत नसंल?" सत्त्याऐंशीची वटपौर्णिमा जूनमध्ये होती, पंचांग काढून पाहिलं गेलं. मग चार बायांनी वडाच्या फेऱ्यांची आठवण सांगितली, पोलीस पाटलांनी मान डोलावली, आणि एरवी एका विहिरीवरून भांडणारे दोन भाऊ एकाच जबाबावर सही करून मोकळे झाले. सगळं खोटं होतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. मी पाहिलेलं गावाचं सगळ्यांत चांगलं रूप तेच.

नाना बाजूला बसून होते. पोलीस पाटील म्हणाले, "नाना, तुमाले येवढंच सांगायचं का रजिस्टरातली तारीख अंदाजानं लिवली."

"सांगसू," नाना म्हणाले. सांगतो. त्यांनी तिथेच कबूल केलं.

चौकशीच्या दिवशी जळगावच्या त्या पोलीस कचेरीत मी नानांसोबत गेलो. रजिस्टर शाळेबाहेर न्यायचं तर दोन मास्तर हवेत असा नानांचा स्वतःचा नियम होता. हासानंद, त्याची बायको आणि कांचन दाराजवळच्या बाकावर बसले. आदल्याच दिवशी नऊ जुलै होती; त्यासाठी शिवलेला नवा फ्रॉक कांचनने आजही घातला होता. टेबलामागचे साहेब पाचोऱ्याकडचे, चाळिशीचे. बोलणं मऊ. शेजारी जबाब लिहून घेणारा एक कारकून, कानावर पेन.

साहेबांनी गावाचे जबाब वाचले, रजिस्टरचं पान पाहिलं.

"गुरुजी, इथे बाकी सगळ्यांची तारीख एक जून आहे," ते म्हणाले.

"हो साहेब."

"लाजू नका. मीही एक जूनचाच. माझा जन्म दिवाळीतला, आई अजून सांगते." साहेब हसले. "माझं काम सोपं आहे. एकीकडे शाळेचा उतारा, दुसरीकडे गावाचे जबाब. दोन्हींत फरक आहे. शाळेच्या तारखा भरवशाच्या नाहीत असं तुम्ही सांगितलंत, तर मी गावाचं धरीन. मुलगी जूनमधली ठरेल आणि हा विषय संपेल. एवढंच सांगा, की तुमच्या नोंदी अंदाजाने लिहिलेल्या असतात."

मला तेव्हा साहेबांचे पाय धरावेसे वाटले. माणूस दार उघडून उभा होता. नानांनी नुसतं आत पाऊल टाकायचं होतं.

"हो साहेब," नाना म्हणाले. "नोंदी अंदाजानेच लिहितो."

कारकून लिहू लागला. साहेब म्हणाले, "म्हणजे बरोबर ना, एकाही तारखेची खात्री नाही?"

"नाही साहेब."

नानांचा आवाज खाली गेला होता. हे वाक्य म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीवर स्वतःच्या हाताने मारलेली फुली होती. ते मला दिसत होतं, आणि मी रजिस्टरच्या बांधणीकडे बघत राहिलो. तेवढ्यात कारकून पान उलटता उलटता हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, मास्तरांची थट्टा सगळेच करतात. "साहेब, या मास्तरांनी सबंध जन्मात एकतरी तारीख खरी लिहिली असेल का हो? खोट्याचं कोठारच आहे हे."

साहेबही हसले. दारातला शिपाई हसला.

आणि नाना उभे राहिले.

"लिखेल शे!" ते म्हणाले. आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतला टाइपरायटर थांबला. त्यांनी कारकुनाच्या हातातून रजिस्टर ओढलं आणि त्या पानावर बोट आपटलं. "ही! नऊ जुलै! ही एकच तारीख खरी शे! बाप सोता सांगी गया, सकायना सव्वासात! मन्हा हातथीन लिखेल शे मी!"

कारकुनाचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

साहेब सावकाश म्हणाले, "गुरुजी, बसा. पाणी प्या. तुम्ही काय बोललात ते समजून पुन्हा सांगा."

ते पुन्हा दार उघडत होते. मी नानांचा सदरा मागून ओढला. नानांनी मान वळवून बाकाकडे पाहिलं. हासानंदने डोळे मिटले होते. त्याची बायको पदराशी चाळा करत होती. आणि कांचन नानांकडे बघून हसत होती, तोंडभर, खूश होऊन. दहा वर्षांच्या पोरीला आदल्या आठवडाभर सगळं गाव सांगत होतं की तू जूनमध्ये झालीस असं म्हणायचं. शेवटी तिच्या नानांनी सगळ्यांसमोर तिचा वाढदिवस तिला परत दिला होता.

नानांचे ओठ हलले. त्यांना परत फिरायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण त्या पोरीच्या तोंडासमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. ते खाली बसले, दोन्ही हात रजिस्टरवर ठेवून.

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग कारकुनाला म्हणाले, "लिहा. नोंद खरी असल्याचं मुख्याध्यापक सांगतात." त्यांनी चष्मा काढला आणि पुढचं कुणाकडेही न बघता सांगितलं. मुलगी जन्माने नागरिक ठरत नाही. आई-बापांच्या अर्जाचा निकाल लागेल तेव्हा तिचाही लागेल. तोवर दर वर्षी मुदत वाढवून घ्यायची.

परतताना एसटीत जागा मिळाली. नाना खिडकीशी, रजिस्टर मांडीवर. हासानंद पुढच्या बाकावरून वळला. मला वाटलं, आता बोलेल, आणि खरं सांगतो, त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "नाना, पानी पिता का?" आणि बाटली पुढे केली. नानांनी ती घेतली, पण प्यायले नाहीत. फाटा येईपर्यंत ती तशीच धरून बसले होते.

धुळ्याच्या शाळेतली जागा दुसऱ्या पोराला गेली. त्याची तारीख एक जून होती.

गावाने नानांना तोंडावर काही म्हटलं नाही. पण पारावर त्यांच्यासाठी सरकून जागा करणं हळूहळू थांबलं. अक्का एकदा विहिरीवर एवढंच म्हणाली, "आमाले खोटं बोलाले लावलं, अन सोता खरे झाले." ते नानांपर्यंत पोचलं. नानांनी मला विचारलं, "मास्तर, मी खरं कसाले बोलनू? पोरसाठे, का मन्हासाठे?" मी म्हटलं, जाऊ द्या नाना. त्यांनी मान हलवली. "मन्हासाठे," ते म्हणाले. स्वतःसाठी. "तो बाबू हसना म्हणीसन." तो कारकून हसला, म्हणून. एवढ्या एका हसण्यासाठी आपण पोरीला विकलं, असं ते पुढे कितीतरी वेळा बोलून दाखवत, आणि मला दर वेळी तिथून उठून जावंसं वाटे.

पुढच्या एक जूनला ते गूळ घेऊन फिरले नाहीत. पोरं दारात जाऊन उभी राहिली, तर आतून बायकोने सांगितलं की नाना शेतावर गेलेत. जूनमध्ये टेबल मांडलं तेव्हा प्रवेश मला द्यायला लावले. मीही एक जूनच लिहीत गेलो. दुसरं काय लिहिणार? नाना बाजूला बसून टीपकागद पुढे करायचे. पुढच्या एकतीस मेला ते निवृत्त झाले. हार घालून घेतला, भाषण केलं नाही.

त्यानंतर माझी बदली जामनेरकडे झाली आणि नानांची बातमी कधीमधी कुणाकडून कळायची. हासानंदचा अर्ज अजून वरच होता. कांचन गावातल्याच शाळेतून पुढे पहूरच्या शाळेत जाऊ लागली होती, सायकलवर.

मी नानांना शेवटचं पाहिलं ते जळगावात, दोन-एक वर्षांनी. पगारबिलाच्या कामाला गेलो होतो, काम लवकर आटोपलं, आणि कचेऱ्यांच्या आवारातून जाताना पोलिसांच्या त्या खोलीसमोरच्या बाकावर मला पांढरी टोपी दिसली. बाजूला हासानंद, त्याची बायको, आणि उंच झालेली कांचन. नाना बरेच वाळले होते. चष्म्याची काडी अजून दोऱ्याचीच होती.

हासानंदने मला सांगितलं, मुदत वाढवायला दर वर्षी एक स्थानिक माणूस ओळख द्यायला लागतो. पहिल्या वर्षी नाना न सांगता फाट्यावर येऊन उभे राहिले होते. तेव्हापासून दर वर्षी येतात. तिकीट स्वतःचं काढतात.

आत बोलावलं तसा मीही दारात जाऊन उभा राहिलो. टेबलामागे नवा, तरणा हवालदार होता. त्याने कांचनचा कागद घेतला, शाळेचा उतारा घेतला, दोन्ही शेजारी ठेवून बोट फिरवत आकडे जुळवले. नऊ, जुलै, सत्त्याऐंशी. उताऱ्यावरचा शिक्का उजेडात धरून पाहिला. मग एक वर्षाचा शिक्का मारला आणि तिला बजावलं, "जिल्ह्याबाहेर विचारल्याशिवाय जायचं नाही." कांचनने मान हलवली. तिला ते पाठ होतं.

"आता ओळख देणारा. नाव?"

नानांनी नाव सांगितलं.

"जन्मतारीख?"

नाना टेबलावर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिले. हवालदाराने पेन टेबलावर दोनदा आपटलं. "बाबा, तारीख सांगा. मागे लोक थांबलेत." नानांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ते दोन शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हते.

कांचन पुढे वाकली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता, नुसती म्हाताऱ्याला मदत करण्याची घाई होती.

"एक जून लिखा ना साहेब," ती म्हणाली. "आमच्या गावात बठ्ठ्यांची तीच शे. लिखाले काय जास?"

हवालदार हसला आणि त्याने लिहून टाकलं. नानांकडे कुठलाही कागद मागितला नाही.